पिवळ्या कागदावरच्या एकतीस तक्रारी

९ मार्च
शेजारधर्म समिती, एल्डर लेन वस्ती, यांस

तुमच्यापैकी ही पत्रं कोण वाचणार आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून नाव घालत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, तेव्हा आधीच सांगते. गेल्या वर्षी नगर परिषदेच्या सभेत मी तुमच्या वस्तीच्या विरोधात बोलले होते. बेघरांना निवारा मिळू नये असं माझं म्हणणं नव्हतं. तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच का, एवढंच विचारलं होतं. सगळे असंच विचारतात हे मला माहीत होतं, तरी विचारलं.

परिषदेने मग तुमच्यात आणि आमच्यात एक करार करायला लावला, त्याला 'शेजारधर्माचा करार' असं गोंडस नाव दिलं आणि आम्हा शेजाऱ्यांना पिवळ्या कागदांची तीन-तीन पॅडं वाटली. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर 'तक्रार' असं छापलेलं आहे. आम्ही लिहायचं, तुमच्या फाटकावरच्या पेटीत टाकायचं आणि सात दिवसांत तुम्ही लेखी उत्तर द्यायचं. बघू या देता का.

तर तक्रार अशी. फाटकावरच्या दिव्याचा झोत थेट माझ्या उशीवर पडतो. शिवाय सकाळी सहाच्या ठोक्याला तुमच्यातलं कोणीतरी शीळ घालत माझ्या कुंपणालगत जातं. सूर चांगला आहे, पण सहा म्हणजे सहा.

आणखी एक सांगते, ती तक्रार नाही. तुमची वस्ती जिथे आहे तिथे पूर्वी शाळेच्या बसगाड्या लागायच्या. चौदा नंबरची बस सत्तावीस वर्षं मी तिथून बाहेर काढली आणि तिथेच आणून लावली. त्या जागेवर नीट राहा.

व्हर्ना टॉलेफसन
२१२, एल्डर लेन


१३ मार्च
टॉलेफसनबाईंना नमस्कार.

पत्रं वाचणारा मी, लोनी बर्डसॉल, घर नंबर नऊ. समिती म्हणजे मी एकटाच आहे. बैठकीत विचारलं, कोणाचं अक्षर बरं आहे, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दिव्याला कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून झापड लावलं आहे. आज झोपताना बघा आणि कमी पडलं तर कळवा. शीळ घालणारा मीच. छपरं शाकारायचं काम तीस वर्षं केलं, छपरावर बोलायला कोणी नसतं, तेव्हापासूनची ही खोड. आता बंद केली आहे.

तुम्ही सभेत विरोधात बोललात त्याचं मला काही वाटलं नाही. समोर काय चाललं आहे हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगतो. घरं राज्याच्या अनुदानातून आली, जमीन शहराची आणि रोजच्या खर्चाला परिषद एकेका वर्षापुरतीच मंजुरी देते. चालवते ती एक सेवासंस्था. तिच्या क्विंटानाबाई दिवसभर इथे असतात. आमचे हरवलेले दाखले पुन्हा काढणं, पक्क्या घरांच्या याद्यांत नावं घालणं आणि मग रोज फोन करून त्या याद्यांना जागं ठेवणं हे त्यांचं काम. लाकडी घरं वीस, प्रत्येक आठ फूट बाय दहा, आत हीटर आणि दाराला कुलूप. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांना मिळून. दोन वर्षांत पक्कं घर मिळवून बाहेर पडायचं. भाडं नाही, पण आठवड्याला आठ तास फाटकावर बसायचं आणि तो पहारा कोणीही चुकवायचा नाही. ऑक्टोबरात आमचा परवाना पुन्हा परिषदेपुढे जाईल. तुमच्या प्रत्येक कागदाची एक प्रत नगरपालिकेत जाते, तसा नियमच आहे.

माझ्याबद्दल विचारलं नाहीत, तरी लपवण्यासारखं काही नाही. आधी बायको आजारी पडली, मग ती गेली आणि मग घर गेलं. पुढची दोन वर्षं व्हॅनमध्ये काढली. इथे आल्यावर पहिले आठ दिवस मी ते कुलूप नुसतंच उघडत आणि लावत होतो.

माझ्या दारासमोर तेलाचा एक मोठा काळा डाग आहे. तीनदा घासला, तरी जात नाही. तो कोणाचा हे तुम्हाला ठाऊक असेल का?

आपला,
लोनी बर्डसॉल


२२ मार्च
श्री. बर्डसॉल,

डाग माझा. म्हणजे चौदा नंबरचा. अकरा वर्षं ती बस गळत होती आणि अकरा वर्षं मी लिहून देत होते. उत्तर एकदाही आलं नाही, म्हणून तुमचं चार दिवसांत आलेलं पाहून जरा चमकले. डाग घासू नका, तो जायचा नाही.

तुमचं घर तिथे असेल तर पलंगाचा पायथा उत्तरेला ठेवू नका. त्या बाजूने वारा शिरतो, माझे पाय सत्तावीस हिवाळे त्यानेच गारठले.

दिवा आता बरा आहे. तरी कागद फुकट जाऊ नये म्हणून नवी तक्रार लिहिते: सायंकाळी तुमच्याकडून कांदा करपल्याचा वास येतो. स्वयंपाक कोण करतं? ज्याला कांदा परतता येत नाही त्याच्या हाती कढई देऊ नये.

व्हर्ना टॉलेफसन


२६ मार्च
टॉलेफसनबाई,

पलंग फिरवला. काल पहिल्यांदा मोजे न घालता झोपलो.

कांदा करपवणारा हॉलिस. पूर्वी सैन्यात आचारी होता, तीनशे माणसांचा स्वयंपाक करायची त्याला सवय. वीस जणांसाठी आच किती ठेवायची हे त्याला समजत नाही. तुमची तक्रार त्याला वाचून दाखवली. तो रागावला, मग तासाभराने मला बाजूला घेऊन म्हणाला, बाईंना विचार, आच मंद ठेवायची की मध्यम?

लोनी बर्डसॉल


१२ जून
बर्डसॉल,

आच मंद, हे एप्रिलमध्येच कळवलं होतं. आता वास बरा येतो. कालच्या वासाने तर मला भूक लागली. ही तक्रार समजा हवी तर.

आजची खरी तक्रार मात्र गंभीर आहे. मंगळवारी मी दवाखान्यातून परत आले, तर माझ्या छपराची पन्हळ, जी दोन वर्षं लोंबकळत होती, ती जागेवर ठोकलेली. आत अडकलेली देवदाराची पानंही काढलेली. शिडीच्या खुणा माझ्या फुलझाडांच्या वाफ्यात, दोन झेंडू मेले. कोणी केलं हे शेजारच्या प्रुइटने पाहिलं आहे, तेव्हा कानांवर हात ठेवू नका. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या छपरावर चढायचं आणि कॉफी न पिता निघून जायचं, ही कुठली रीत? माझा मुलगा ॲरिझोनात असतो. दर रविवारी फोन करतो, पन्हळीचं काय झालं विचारतो आणि हो हो म्हणून ठेवतो. त्याला मी आता काय सांगू?

दुसरं असं की शीळ बंद झाल्यापासून मला सहा वाजलेले समजत नाहीत. मी सकाळी खिडकी उघडून ओरडायच्या तयारीत उभी असते आणि ओरडायला काही नसतं. शीळ थांबवा म्हटल्यावर लगेच थांबवायची असते का? माणसाने थोडी हुज्जत घालावी.

व्हर्ना टॉलेफसन


२० जुलै (हे पाठवलं नाही)
टॉलेफसनबाई,

तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी आणि चार दिवस मी ती लिहितो आहे. करारात एक कलम आहे. वर्षात पंचवीसच्या वर तक्रारी झाल्या की परवाना आपोआप वाढत नाही, परिषदेपुढे जाहीर सुनावणी लागते. मग आम्ही राहायचं की उठायचं ते तिथे ठरतं. नगरपालिकेतला कारकून कागदाच्या डोक्यावरचा शब्द बघतो आणि आकडा एकाने वाढवतो, खालचा मजकूर वाचायला त्याला वेळ नाही. आजपर्यंत बावीस झाल्या आहेत. वीस तुमच्या. हॉलिसच्या सूपमध्ये मिरी कमी आहे ही एक, प्रुइटचा कुत्रा माझ्या हाताला ओळखतो आणि तुमच्या नाही ही एक, आणि गेल्या बुधवारची, ज्यात तक्रार काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

क्विंटानाबाई म्हणाल्या, त्यांना साध्या कागदावर लिहायला सांग ना. पण त्याच कराराप्रमाणे आमच्यापैकी कोणी शेजाऱ्याला तक्रार करू नका असं सुचवायचंही नाही, आणि मला ते कलम बरोबर वाटतं. आम्हाला इथे राहायचं आहे म्हणून तुम्ही तोंड मिटायचं, हे शेजारपण नव्हे.

हे झालं सांगण्यासारखं कारण. दुसरं असं की तुम्हाला हे कळलं तर तुम्ही लिहायचं थांबवाल. बुधवारी पेटीत पिवळा कागद नसला तर मला करमत नाही. वीस घरांची काळजी माझ्या हातात असताना मी एका कागदाची वाट बघतो, याची मला लाज वाटते.


२१ जुलै
टॉलेफसनबाई,

तुमची १८ तारखेची तक्रार मिळाली. सूपमध्ये मिरी वाढवली आहे. शीळ उद्यापासून सहाला. हुज्जत घालायची सवय करतो आहे, पण वेळ लागेल.

लोनी


१७ ऑगस्ट
लोनी,

रविवारी ब्लॅकबेरी भरून भाजलेला 'पाय' तुमच्या फाटकावर ठेवला. पाळीवर कोणीतरी नवीन बाई होती, तिने माझं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेतलं, वेळ लिहिली, मग 'पाय' घेतला. शिस्त चांगली आहे. बसच्या काळात आम्हाला ती नव्हती.

तक्रार ताटलीबद्दल. ती बुधवारी परत आली, घासून लख्ख आणि रिकामी. माझी आई नॉर्वेहून आलेल्यांची लेक, तिच्या घरात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत गेलं तर ती दोन दिवस जेवत नसे. निदान एक बटाटा तरी ठेवतात रे.

व्हर्ना टॉलेफसन


२० ऑगस्ट
व्हर्नाबाई,

चूक झाली. ताटली पुन्हा मागायला लाज वाटली म्हणून ही आमची पाठवतो. वर हॉलिसची बिस्किटं आहेत आणि खाली तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक बटाटा. तुमच्या 'पाय'चे वीस तुकडे करायचे होते, हॉलिसने पट्टी घेऊन केले. माझ्या वाट्याला जे आलं ते मी दाराशी बसून, डागावर पाय ठेवून खाल्लं. अशी संध्याकाळ मला बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. मी सुखात आहे हे कोणालातरी सांगावंसं वाटलं.

ही ताटली परत करताना भरून पाठवलीत तर आमची हरकत नाही.

लोनी


२९ सप्टेंबर
लोनी बर्डसॉल,

हे पत्र साध्या कागदावर आहे आणि टपालाने येतं आहे. तुझं घर माझ्या खिडकीतून दिसतं, तरी मी तिकीट लावलं आहे, कारण त्या पेटीला मी पुन्हा हात लावणार नाही.

आज नगरपालिकेची नोटीस आली. १४ ऑक्टोबरला जाहीर सुनावणी. 'एल्डर लेन वस्तीविरुद्ध वर्षभरात आलेल्या तक्रारी: चौतीस. पैकी २१२, एल्डर लेन येथून: एकतीस.' मी तीनदा वाचलं. मग प्रुइट कुंपणाशी आला आणि माझं अभिनंदन करायला लागला. म्हणाला, टिच्चून लढलात, आता उठतील ते. मी दार लावून घेतलं.

तुला हे माहीत होतं. वीस माणसांच्या डोक्यावरचं छप्पर मी एकेक पत्रा करून उचकटत होते आणि तू मला मिरी वाढवली म्हणून कळवत होतास. मला तुझ्या पहिल्या पत्रातलं ते वाक्य आठवलं, एक प्रत नगरपालिकेत जाते. मला वाटलं, तिथे कोणीतरी वाचत असेल. म्हातारी बाई आहे, दर बुधवारी लिहिते, उत्तर आलं की पुन्हा लिहिते, यावरून काय चाललं आहे हे शहाण्या माणसाला कळायला नको?

तू का सांगितलं नाहीस?

व्हर्ना


१ ऑक्टोबर
व्हर्नाबाई,

रागावलात ते बरोबर आहे. सोबत जुलैत लिहिलेलं आणि न टाकलेलं पत्र ठेवतो. त्यात का ते आहे. शेवटची ओळ वाचून हसू नका.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. यादीत माझा नंबर लागला. नदीपलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं घर. बरंचसं भाडं शहराच्या घरयोजनेतून जाईल. एक नोव्हेंबरला जायचं. म्हणजे या सुनावणीत माझं स्वतःचं काही जाणार नाही, आणि त्यानेच मला जास्त अवघडल्यासारखं होतं. हॉलिसला अजून नऊ महिने लागतील. वस्ती उठली तर तो पुन्हा पुलाखाली जाईल. आमच्यामागे बाहेर चाळीस जणांची यादी आहे, त्यांना तर अजून कुलूपही मिळालेलं नाही.

सुनावणीला याल तर खोटं बोलू नका. दिवा खरंच तुमच्या उशीवर पडत होता आणि कांदा खरंच करपत होता.

मी सुनावणीला नसेन. संध्याकाळी फाटकावर माझी पाळी आहे. हॉलिस बदलून घेतो म्हणाला, पण आमच्यापैकी कोणी पहारा चुकवल्याचं एकही उदाहरण परिषदेपुढे जायला नको.

लोनी


१५ ऑक्टोबर
लोनी,

तू फाटकावर बसलास म्हणून जे झालं ते लिहून कळवते. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस, हॉलिस फुगवून सांगेल.

मी एकतीसच्या एकतीस तक्रारींच्या प्रती नगरपालिकेतून काढून घेतल्या, तुझी उत्तरं घरच्या डब्यातून काढली, क्रमाने लावली आणि गेले. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावरचा दिवा लाल झाला की बसायचं. मी पहिलीपासून वाचायला सुरुवात केली. आधी तक्रार, मग तुझं उत्तर. कांद्याला कोणीतरी खुदकन हसलं. पलंग फिरवला तिथे दिवा लाल झाला.

मी कागद गोळा करत होते. तेवढ्यात रांगेत माझ्यामागे उभी असलेली ग्रंथालयातली बाई म्हणाली, माझी तीन मिनिटं त्यांना द्या. तसं देता येतं, मला ठाऊक नव्हतं. मग तिच्यामागच्याने दिली, त्याच्यामागच्यानेही दिली. पन्हळीच्या तक्रारीपाशी पुन्हा लाल झाला आणि आता रांगेत फक्त प्रुइट उरला होता. तो तुमच्या विरोधात बोलायला आला होता, हातात टाइप केलेला कागद होता. त्याने तो कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ताटलीचं काय झालं ते मला ऐकायचं आहे. त्याने दिली.

सगळं वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, मी तक्रारी मागे घेते का. म्हणजे आकडा खाली येईल आणि विषय संपेल.

मी म्हटलं, "एकही मागे घेणार नाही. सगळ्या खऱ्या आहेत. पण चौदा नंबरच्या बसबद्दल मी या शहराला अकरा वर्षं लिहीत होते, मला कधी उत्तर आलं नाही. या लोकांनी एकतीसपैकी एकतीस वेळा दिलं. यांना उठवलंत तर मी लिहायचं कोणाला?"

त्यानंतर मी बसले. रडले नाही, हॉलिस काहीही सांगो. मत झालं, सहा विरुद्ध एक. वस्ती राहते, आणि पुढच्या खेपेपासून कारकुनाने नुसता आकडा नव्हे तर तक्रार आणि उत्तर दोन्ही जोडून परिषदेपुढे ठेवायचं. तुझं न टाकलेलं पत्र मी तिथे वाचून दाखवलं नाही. ते माझं आहे.

तू जाणार हे मात्र मला आवडलेलं नाही. आनंद झाला आहे, पण आवडलेलं नाही, दोन्ही एकदम होतं हे या वयात कळलं. माझं तिसरं पॅड कोरं आहे. ते आणि माझ्या ताटलीत लेफ्सेची पुडी फाटकावर ठेवते. आईच्या पद्धतीच्या बटाट्याच्या पोळ्या आहेत त्या, लोणी आणि साखर लावून खा. पॅडचं तुला काय करायचं ते कर.

व्हर्ना


५ नोव्हेंबर
[पिवळा कागद. डोक्यावर छापलेलं: तक्रार]

पत्ता: ४४०, रिव्हर स्ट्रीट, दुसरा मजला. हा पत्ता लिहायला मी मुद्दाम नवीन पेन आणलं.

व्हर्नाबाई,

घर चांगलं आहे. खिडकी पूर्वेला, गरम पाणी स्वतःचं, शेगडीला दोन बर्नर. क्विंटानाबाई सोमवारी बघायला आल्या आणि उगीचच नळ उघडून बंद करून गेल्या. हॉलिस माझ्या जागी समितीवर आला आहे. त्याचं अक्षर वाईट आहे, तरी सांभाळून घ्या. तुमची ताटली माझ्याकडे राहिली आहे. रविवारी बसने घेऊन येईन आणि ती रिकामी नसेल.

तक्रार एकच आहे. इथे रोज सकाळी सहा वाजता मी कठड्याशी उभा राहून शीळ घालतो. आज पाचवा दिवस. अजून कोणीही खिडकी उघडून ओरडलेलं नाही.

नियमाप्रमाणे सात दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

लोनी बर्डसॉल